'मॉरिस': दोनदा वाचली, क्लाइव्हवरचा राग अजून गेलेला नाही

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

तर ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस'. आपल्याकडे फॉर्स्टर म्हटलं की इंग्लिश लिटरेचर घेतलेल्यांना 'अ पॅसेज टू इंडिया' आठवते, त्यातल्या गुहा आठवतात, नोट्स आठवतात आणि जांभई येते. ही वेगळीच भानगड आहे, दोन पुरुषांच्या प्रेमाची. लिहिली १९१३-१४ मध्ये आणि छापून आली थेट १९७१ ला, म्हणजे लेखक १९७० मध्ये वारला त्यानंतर. मधली सत्तावन वर्षं ही कादंबरी जवळच्या मित्रांमध्ये गुपचूप फिरत होती, फॉर्स्टर मधूनच बाहेर काढायचा, थोडी खाडाखोड करायचा, परत ठेवून द्यायचा. एका टाइप केलेल्या प्रतीवर त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, छापता येईल, पण छापण्यात अर्थ आहे का? जगभर नाव असलेला माणूस, आणि स्वतःच्या सगळ्यात जवळच्या पुस्तकाबद्दल हे लिहितोय. आणि अर्पणपत्रिका काय, तर 'अधिक सुखाच्या वर्षाला'. मी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर उभा राहून पहिलं पान उघडलं आणि त्या अर्पणपत्रिकेवरच अडकलो, शेवटी पुस्तकवाला म्हणाला भाईसाब लेना है क्या. घेतलं. हे २००७ चं सांगतोय.

गोष्ट थोडक्यात. मॉरिस हॉल हा लंडनच्या उपनगरातला, खाऊनपिऊन सुखी घरातला, डोक्याने जरा जडच असा मुलगा. हे मला फार आवडलं, की फॉर्स्टरने हिरो हुशार, हळवा, कवी वगैरे केलेला नाही. साधा आहे, थोडा उर्मट आहे, वडील गेल्यावर बहिणींवर दादागिरी करतो, पुढे वडिलांच्याच मार्गाने शेअर ब्रोकर होतो. आपल्या सोसायटीत असे दहा असतात. पुस्तक सुरू होतं ते समुद्रकिनाऱ्यावर, शाळेतले डुसी मास्तर चौदा वर्षांच्या मॉरिसला बाजूला घेऊन वाळूत काठीने आकृत्या काढून स्त्री-पुरुषांचं सगळं समजावतात. एकदम मोकळेपणाने, पवित्र वगैरे म्हणत. आणि मग पुढे गेल्यावर त्यांना आठवतं की अरे, आकृत्या पुसायच्याच राहिल्या, आणि मागून लोक येतायत! मास्तरांना घाम फुटतो. मॉरिसच त्यांना धीर देतो की सर, भरतीचं पाणी आलं असेल एव्हाना. आणि मनात म्हणतो, खोटारडा, भित्रा, याने मला काहीच सांगितलेलं नाही. अख्खा समाज त्या एका सीनमध्ये आलाय.

मग केंब्रिज. तिथे क्लाइव्ह डरहॅम भेटतो. हा हुशार, घरंदाज, पेंज नावाच्या इस्टेटीचा वारस. ग्रीक शिकवणारा प्राध्यापक वर्गात भाषांतर चालू असताना निर्विकारपणे सांगतो, एवढा भाग गाळा, ग्रीकांच्या त्या न बोलण्याजोग्या दुर्गुणाचा उल्लेख आहे. क्लाइव्हने मात्र प्लेटोने पुरुषांमधल्या प्रेमावर लिहिलेलं वाचलेलं असतं, ते तो मॉरिसलाही वाचायला लावतो आणि मग एक दिवस सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. मॉरिसचं पहिलं उत्तर म्हणजे, छे, काय हा फालतूपणा, तू इंग्लिश माणूस आहेस. मग पश्चात्ताप, मग खिडकीतून आत शिरणं. केंब्रिजची पानं सुंदर आहेत, साइडकारवाल्या मोटारसायकलवरून लेक्चर बुडवून भटकणं वगैरे, पण मी तिथे फार रेंगाळत नाही कारण माझ्या मते पुस्तक खरं सुरू होतं ते क्लाइव्ह बदलतो तिथून.

दोघं जवळजवळ तीन वर्षं एकत्र असतात. पण क्लाइव्हच्या अटीवर. प्रेम शुद्ध हवं, शरीर मध्ये आणायचं नाही, प्लेटो प्लेटो. मॉरिस बिचारा मान्य करतो. मग क्लाइव्ह आजारी पडतो, ग्रीसला जातो, आणि अथेन्सच्या त्या जुन्या नाट्यगृहाच्या पडक्या दगडांत बसून पत्र लिहितो की माझ्या इच्छेविरुद्ध मी नॉर्मल झालोय, माझा इलाज नाही. बस. ज्या ग्रीसच्या नावाने सगळं सुरू केलं तिथेच जाऊन हात झटकले. मग अ‍ॅन नावाच्या मुलीशी लग्न, राजकारणात उमेदवारी, इस्टेट.

इथे माझं थोडं सांगतो, नाहीतर राग कसला ते कळणार नाही. हॉस्टेलला माझा रूम पार्टनर होता. नाव नाही लिहिणार. चार वर्षं, आणि पुढची दोन वर्षं शनिवार-रविवारची एस.टी. २००६ च्या मे महिन्यात त्याची लग्नपत्रिका आली, वर गणपती, आमच्या येथे श्रीकृपेकरून, सगळं व्यवस्थित, आणि पाकिटावर त्याच्या हातचं, त्याच्या तिरक्या अक्षरात माझं नाव आणि पुढे 'सहकुटुंब'. मला तो एक शब्द अजून पचलेला नाही. त्याला माहीत होतं ना माझं कुटुंब कोण होतं ते. गेलो मी लग्नाला. मंगलाष्टकं पाच झाली की सात, आठवत नाही, मुठीतल्या अक्षता घामाने चिकटून गेल्या होत्या आणि शेवटच्या सावधानला टाकल्या तर निम्म्या पुढच्या काकांच्या टकलावर. पंगतीत तो स्वतः वाढायला आला, आग्रह करून जिलबी वाढली. त्यामुळे क्लाइव्ह जेव्हा लग्नानंतर मॉरिसला पेंजला पाहुणा म्हणून बोलावतो, मोठ्या मनाने त्याच्या हातावर हलकेच ओठ टेकवतो आणि तूही आता लग्न कर म्हणून आनंदाने पाठ थोपटतो, तेव्हा मला ती जिलबी आठवते. क्लाइव्ह व्हिलन नाहीये हो. सभ्य आहे, गोड बोलतो, काळजी करतो. म्हणूनच भयंकर आहे.

मॉरिस मग डॉक्टरांकडे जातो. फॅमिली डॉक्टर बॅरी, लहानपणापासून बघितलेले. त्यांना सांगतो की मी ऑस्कर वाइल्डसारख्यांपैकी आहे. लक्षात घ्या, वाइल्ड या लेखकाला पुरुषांशी संबंधांपायी १८९५ मध्ये दोन वर्षं सक्तमजुरी झाली होती, ते नाव घराघरात शिवीसारखं होतं, दुसरा शब्दच नव्हता या पोराकडे स्वतःसाठी. डॉक्टर काय म्हणतात? काहीतरीच! आणि विषय बंद. शिवीगाळ नाही, पोलीस नाही, फक्त ऐकूनच घ्यायचं नाही. मग तो लास्कर जोन्स नावाच्या हिप्नॉटिस्टकडे जातो. भिंतीवर नसलेलं बाईचं चित्र बघायला लावतात त्याला, अगदी गंभीरपणे. जमत नाही. शेवटी तोच माणूस, या पुस्तकात पहिल्यांदा कोणीतरी खरं बोलल्यासारखा, सांगतो की तुम्ही फ्रान्स किंवा इटलीत जाऊन राहा, तिथे नेपोलियनची संहिता आहे, हा गुन्हा नाही. मॉरिस विचारतो इंग्लंडमध्ये असं कधी होईल का, तर म्हणतो शंका आहे, इंग्लंडला माणसाचा स्वभाव मान्य करायचं कायमच जड गेलंय.

इथे एक गंमत, गंमत कसली म्हणा. वाइल्डला ज्या कायद्याखाली शिक्षा झाली तो १८८५ चा. आपलं ३७७ कलम १८६० चं, म्हणजे त्याच साहेबाने आपल्याला ते पंचवीस वर्षं आधी शिवून दिलं होतं. त्यांनी स्वतःचा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ ला सैल केला, तोही एकवीस वर्षांवरच्या दोघांनी बंद दाराआड एवढाच. आपलं गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला, तेही २००९ ला दिल्ली हायकोर्टाने दिलासा दिला, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने परत घेतला, असं हेलपाटे घालत. त्या दिवशी न्या. इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी. मी ऑफिसात होतो, हेडफोन लावून बातम्या बघत होतो, शेजारचा म्हणाला मॅच आहे का रे. हो म्हणालो. त्याच रात्री दुसऱ्यांदा वाचायला घेतली.

मॅचवरून आठवलं, यात क्रिकेटपण आहे! पेंजचा गेमकीपर, म्हणजे शिकारीची राखण करणारा नोकर, त्याच्याही हाताखालचा, अ‍ॅलेक स्कडर. घराला गळती लागलीय, पावसाचं पाणी दिवाणखान्यात पियानोवर ठिबकतंय (वतनदारी कशी मोडकळीला आलीय हे एवढ्यात कळतं, लेक्चर नाही), आणि बाहेर अंधारात हा अ‍ॅलेक कुठेतरी घुटमळतोय. मॉरिस एका रात्री झोपेच्या तंद्रीत खिडकी उघडून बाहेर हाक मारतो, ये, आणि कोणाला मारतोय ते त्यालाच माहीत नाही. अ‍ॅलेक शिडी लावून वर येतो. दुसऱ्या दिवशी गावाविरुद्ध मॅच. दोघं एकत्र बॅटिंगला उभे, आदल्या रात्रीचं फक्त त्या दोघांनाच माहीत, आणि मॉरिसला वाटतं आपण दोघं मिळून अख्ख्या जगाविरुद्ध खेळतोय. बावीस यार्डांच्या दोन टोकांना दोन माणसं, रन काढताना एकमेकांना ओलांडतात तेवढीच भेट. क्रिकेटवर इतकं लिहिलं गेलंय पण हे मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. आणि मालक मैदानावर आला की कॅप्टनशिप मालकाला, हे अ‍ॅलेकला स्वतःलाच योग्य वाटतं, तेही फॉर्स्टर हळूच दाखवून जातो.

मग घाबरणं. ब्लॅकमेलची भीती. अ‍ॅलेकची पत्रं येतात, धड प्रेमाची नाहीत धड धमकीची नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये भेटतात, त्या असीरियन पंखवाल्या बैलांसमोर. एकमेकांना तोडून बोलतायत, आणि तेवढ्यात कोण यावं? डुसी मास्तर! वाळूवाले. ते मॉरिसला ओळखतात पण नाव आठवत नाही, आणि मॉरिस पटकन स्वतःचं नाव सांगतो, स्कडर. अ‍ॅलेकचं आडनाव स्वतःला लावून घेतो. मी बसमध्ये वाचत होतो, स्टॉप गेला. काय लिहिलंय यार.

शेवट सांगू का? सांगतोच, शंभर वर्षांची जुनी गोष्ट आहे, आणि शेवटासाठीच तर ही वाचायची. शेवट सुखाचा आहे. अ‍ॅलेक अर्जेंटिनाला जायच्या बोटीवर चढतच नाही, मॉरिस साउदॅम्प्टनहून उलट्या पावली पेंजच्या बोटहाउसवर येतो, तो तिथे झोपलेला. दोघं मिळून निघून जातात, नोकरी, इस्टेट, पत सगळं टाकून. फॉर्स्टरने १९६० मध्ये शेवटी टीप जोडलीय, त्यात स्वच्छ म्हटलंय की सुखान्त करायचाच होता, नाहीतर लिहायलाच घेतली नसती. आणि हेही म्हटलंय की दोघांना फासावर लटकवलं असतं किंवा आत्महत्या करायला लावली असती तर छापायला काही अडचण नव्हती. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. आपल्याकडे तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' लिहिलं, जबरदस्त नाटक, पण त्यातली बाईवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. मी वयात येताना जे काही मिळालं, नाटक, सिनेमा, पेपरातल्या बातम्या, सगळ्यांत आमच्यासारखं माणूस शेवटी मरत तरी होतं नाहीतर मुंबई सोडून गायब होत होतं. १९१४ मध्ये कोणीतरी ठरवून ठेवलं होतं की यांना नाही मारायचं, हे मला सव्वीसाव्या वर्षी कळलं.

लिटन स्ट्रेची या त्याच्या मित्राने वाचून म्हटलं होतं, असं फॉर्स्टर त्या टिपेत सांगतो, की हे दोघं फार तर सहा आठवडे टिकतील. खवचट, पण अगदीच चूक नाही, आणि इथेच माझा अर्धा गुण गेला. शेवटचा भाग घाईत उरकलाय. अ‍ॅलेक माणूस म्हणून पुरता उभा राहायच्या आत पुस्तक संपतं. त्याची गावठी इंग्लिश वाचताना अडखळायला होतं, दोनदा वाचावं लागतं. बायकांची पात्रं तर विचारूच नका, आई म्हणजे भोळी, बहिणी म्हणजे कटकट. आणि मालक-नोकर यांच्यातलं प्रेम, त्यात कोण नाही म्हणू शकतो, हा प्रश्न पुस्तक विचारतं आणि जरा लवकरच सोडवून टाकतं.

हा प्रश्न फॉर्स्टरला नंतर आपल्याच लोकांत भेटला. तो १९२१ मध्ये देवासला होता, थोरल्या पातीचे (म्हणजे तिथल्या दोन गाद्यांपैकी थोरल्या गादीचे) महाराज तुकोजीराव पवार यांचा प्रायव्हेट सेक्रेटरी म्हणून. हे तुकोजीराव म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, दरबार अस्सल मराठी. त्याआधी १९१२ च्या शेवटीही येऊन गेला होता, आणि परत जाऊन त्याच वर्षी, १९१३ ला, 'मॉरिस' सुरू केली. (ठिणगी मात्र डर्बीशायरमध्ये पडली. तिथे एडवर्ड कार्पेंटर हा लेखक त्याच्या जोडीदाराबरोबर, जॉर्ज मेरिलबरोबर, उघडपणे राहत होता, आणि मेरिलने फॉर्स्टरला मागून, कमरेच्या जरा खाली, सहज हात लावला तो म्हणे थेट डोक्यात गेला. त्यानेच लिहिलंय.) देवासला त्याचे एका न्हाव्याशी संबंध होते, महाराजांना कळल्यावर ते चिडले नाहीत, उलट समजून घेतलं. पण फॉर्स्टरने प्रामाणिकपणे हेही लिहून ठेवलंय की मी त्या माणसाशी क्रूरपणे वागलो. ते पानही त्याच्या मरणानंतरच छापलं गेलं. म्हणजे कागदावर मॉरिसने जे सहज ओलांडलं ते याला प्रत्यक्षात जमलं नाही. मला हे कळल्यावर पुस्तकाबद्दलचं प्रेम कमी नाही झालं, पण शिडीचा सीन पूर्वीसारखा वाचता येत नाही. देवासच्या ज्या देवीच्या टेकडीचं नाव त्याने आपल्या आठवणींच्या पुस्तकाला दिलं, तिच्याच पायथ्याशी पुढे कुमार गंधर्व राहायला आले, हे उगाच, माहितीसाठी.

वाचणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सेहेचाळीस छोटी छोटी प्रकरणं आहेत, लोकलमध्ये ये-जा करत असाल तर आठवड्यात होते. इंग्लिश अ‍ॅलेक सोडून फार अवघड नाही, पण फॉर्स्टर महत्त्वाची गोष्ट अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जातो, त्यामुळे झोपेत वाचू नका. पुढची प्रस्तावना आधी वाचू नका, मागची टीप मात्र सोडू नका. सिनेमा १९८७ चा आहे, जेम्स आयव्हरीचा, निर्माते आपल्या मुंबईचे इस्माईल मर्चंट, ह्यू ग्रँट क्लाइव्ह झालाय आणि इतका गोड दिसतो की राग धरवत नाही, म्हणून मी म्हणेन आधी पुस्तक.

माझी कॉपी मी कोणाला देत नाही. एकदाच दिली, ताईला. म्हणजे मला तिला जे सांगायचं होतं ते तोंडाने होईना म्हणून पुस्तक दिलं, पुण्याला जाताना बॅगेत कोंबलं तिच्या. तीन आठवड्यांनी परत आलं, मध्ये खुणेला एस.टी.चं तिकीट. माझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही तिने, चहा टाकला, आलं किसत होती, आणि पाठमोरीच म्हणाली, ती अ‍ॅन रे, तिचं काय झालं पुढे?

मला उत्तर देता येईना. मी त्या लग्नात नवरीकडे नीट बघितलंही नव्हतं, हिरवा चुडा सोडून काही आठवत नाही. घरी येऊन पुस्तक परत चाळलं. अ‍ॅन चार-सहा ठिकाणी येते, लाजते, चहा ओतते, तिला लग्नाच्या रात्रीपर्यंत कोणी काही सांगितलेलं नसतं. शेवटच्या पानावर मॉरिस अंधारात निघून गेलेला असतो आणि क्लाइव्ह घरात परत जातो, हे सगळं बायकोपासून लपवायचं कसं याची काहीतरी युक्ती शोधायला. इंग्लिशमध्ये ते वाक्य, म्हणजे अख्खी कादंबरीच, तिच्या नावावर संपते. दोनदा वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं.